सरगॅसमच्या हंगामात कॅरिबियन: किनारा कसा निवडावा, डायव्ह कशी करावी

कॅरिबियनची सहल ठरवताना लोक तारखा बघतात, हॉटेल बघतात, विमानाचं वेळापत्रक बघतात. किनाऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे हे मात्र क्वचितच कोणी बघतं, आणि सरगॅसमच्या (किनाऱ्याला लागणाऱ्या तरंगत्या समुद्री शेवाळाच्या) हंगामात घोडं पेंड खातं ते नेमकं तिथेच. बेटाच्या पूर्वेला गुडघाभर कुजकं शेवाळ आणि सडक्या अंड्यांचा वास, तर त्याच बेटाच्या पश्चिमेला निळंशार पाणी, हे दृश्य मे-जूनमध्ये अगदी नेहमीचं आहे.

डायव्हिंगचं गणित आणखी निराळं. सरगॅसम तरंगतं. पंधरा-वीस मीटर खाली प्रवाळावर पोहोचलेल्या माणसाला त्याचा त्रास जवळजवळ नसतो. त्रास होतो तो पाण्याच्या वरच्या एका मीटरात आणि किनाऱ्यालगतच्या काहीशे मीटरांत, म्हणजे उतरताना, वर येताना, बोटीत चढताना आणि किनाऱ्यावर बसून असताना. तयारी करायची ती या दोन पट्ट्यांसाठी.

हे शेवाळ येतं कुठून

सरगॅसम हे तपकिरी समुद्री शेवाळ. अटलांटिकमध्ये त्याच्या ज्या दोन जाती धुमाकूळ घालतात, त्या म्हणजे सरगॅसम नॅटन्स आणि सरगॅसम फ्लुइटन्स. बाकीची बहुतेक समुद्री शेवाळं तळाच्या खडकाला धरून वाढतात. या दोघी मात्र जन्मभर तरंगतच असतात. मिरीच्या दाण्याएवढ्या हवा भरलेल्या गोळ्या त्यांना वर धरून ठेवतात, आणि तुकडा तुटला की तो तुकडाच नवीन रोप होतो. बिया नाहीत, मुळं नाहीत. त्यामुळे जाळ्यांनी किंवा बोटींच्या पंख्यांनी तुकडे करून हे शेवाळ संपत नाही.

उत्तर अटलांटिकमधला सरगॅसो समुद्र शतकानुशतकं याच शेवाळासाठी ओळखला जातो. २०११ पासून मात्र चित्र बदललं. पश्चिम आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत एक नवा पट्टा जवळपास दरवर्षी तयार होऊ लागला. २०१८ च्या जूनमध्ये त्याची लांबी सुमारे ८,८५० किलोमीटर आणि वजन दोन कोटी टनांच्या वर भरलं. मे २०२५ मध्ये उपग्रहांच्या नोंदींवरून केलेला अंदाज ३ कोटी ७५ लाख टनांवर गेला, तोवरचा सगळ्यात मोठा. नद्यांतून येणारी पोषकद्रव्यं, खोल पाण्याची वर-खाली होणारी घुसळण, बदललेले वारे अशी कारणं पुढे केली जातात. सहलीला निघणाऱ्याला त्या वादात शिरायची गरज नाही. त्याला एवढंच कळायला हवं की हे शेवाळ पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहत येतं आणि त्याला ढकलणारे दोघे आहेत, प्रवाह आणि वारा.

वाऱ्याचा हिस्सा वाटतो तितका मोठा नसतो, पण शेवटच्या टप्प्यात निर्णायक ठरतो. तरंगणारा थर प्रवाहाच्या गतीवर आणखी वाऱ्याच्या वेगाच्या साधारण १ ते ३ टक्के गतीने सरकतो. ताशी २५ किलोमीटरचा पूर्वेचा वारा दिवसभर वाहिला, तर केवळ वाऱ्यामुळे थर ६ ते १८ किलोमीटर पश्चिमेला येतो. काल क्षितिजावर दिसलेली तपकिरी रेघ आज पायाशी का आली, याचं उत्तर या आकड्यात आहे. वारा फिरला, तर तीच रेघ किनाऱ्याला न लागता निघूनही जाते.

महिना कोणता निवडावा

ढोबळ हिशेब असा. मार्च-एप्रिलपासून शेवाळ यायला लागतं, मे ते जुलै हा भर, ऑगस्टनंतर ओहोटी, आणि नोव्हेंबर ते जानेवारी सगळ्यात स्वच्छ. काही वर्षी फेब्रुवारीतच सुरुवात होते. पूर्वेकडच्या बेटांना, म्हणजे बार्बाडोस, मार्टिनिक, ग्वाडेलूपला, मेक्सिकोच्या आधी झळ बसते, कारण ती वाटेत आधी येतात.

सरगॅसम टाळायचं म्हणून डोळे मिटून सप्टेंबर-ऑक्टोबर निवडणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. अटलांटिकचा चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो आणि त्याचा कळस सप्टेंबरच्या आसपास. डिसेंबर ते फेब्रुवारीत शेवाळ कमी, पण मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उत्तरेचे थंड वारे सुटतात. तिथे त्यांना नॉर्ते म्हणतात. ते सुटले की बंदर एक-दोन दिवस बंद होतं आणि बोटी जागच्या हलत नाहीत. केवळ डायव्हिंगसाठी जाणाऱ्याने म्हणूनच मे-जून आपोआप बाद करू नये. पाणी उबदार, समुद्र बऱ्यापैकी शांत, आणि बाजू बरोबर निवडली तर शेवाळाशी गाठ पडते ती फक्त बोटीच्या वाटेवर. वाळूवर पडून राहायला जाणाऱ्या कुटुंबासाठी मात्र मे-जूनमधला पूर्वेचा किनारा म्हणजे जुगार आहे.

बाजू कशी ओळखायची

नकाशा उघडा. या भागात बहुतेक दिवस वारा पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून येतो. पूर्वेला तोंड असलेला किनारा वाऱ्यासमोर असतो, शेवाळ तिथे अडकतं. पश्चिमेला तोंड असलेला किनारा आडोशाला असतो. बेटाच्या दोन्ही टोकांना वळसा घालून काही पुंजके मागे येतात, म्हणून आडोशाच्या किनाऱ्याचाही मधला भाग टोकांपेक्षा बरा.

हा नियम ठिकाणांवर लावून बघू. मेक्सिकोच्या किन्ताना रू राज्यातले कॅनकून, प्लाया देल कार्मेन, तुलुम, माहाउआल हे सगळे पूर्वाभिमुख आहेत, आणि भर हंगामात तिथे शेवाळ येणारच असं धरून चालावं. प्लाया देल कार्मेनसमोर फेरीने पाऊण तासावर कोझुमेल बेट आहे. त्याचा पूर्व किनारा शेवाळाने भरतो, पण पालांकार, सांता रोसा, कोलंबिया ही नावाजलेली प्रवाळस्थळं पश्चिम बाजूला आहेत, त्यामुळे डायव्हिंग चालू राहतं. इस्ला मुहेरेसचा प्लाया नोर्ते उत्तरेला तोंड करून असल्याने बहुधा वाचतो. ओल्बोश बेट आणखी वर, आखाताच्या बाजूला आहे. तिथे शेवाळ कमी येतं, पण पाणी हिरवट असतं, काचेसारखं निळं नाही. निळ्या पाण्याचे फोटो हवे असणाऱ्यांनी हे आधीच मनाशी घ्यावं.

डोमिनिकन रिपब्लिकमध्ये पुंता काना पूर्वेला आहे आणि तिथे जोर जास्त. उत्तरेकडच्या सोसुआ-पुएर्तो प्लाता भागात तुलनेने कमी. बार्बाडोसचा पूर्वेकडचा बाथशीबा परिसर शेवाळ झेलतो, तर पश्चिमेचं होलटाउन बव्हंशी मोकळं असतं. ग्रँड केमनचा सेव्हन माइल बीच पश्चिमेला आहे. बोनेअरमध्ये पूर्वेकडची लाक खाडी भरते, पण किनाऱ्यावरून उतरण्याची सगळी प्रसिद्ध ठिकाणं पश्चिमेला, रस्त्याकडेच्या, डायव्हची जागा दाखवणाऱ्या पिवळ्या दगडांपाशी आहेत. मार्टिनिकमध्ये ल रोबेर, ल फ्रांस्वा ही पूर्वेची गावं वर्षानुवर्षं हैराण आहेत. १९०२ च्या पेले ज्वालामुखीच्या उद्रेकात बुडालेली जहाजं मात्र पश्चिमेच्या सेंट पियेरसमोर आहेत, ती बघायला सरगॅसम आडवं येत नाही.

एक गफलत नेहमी होते. खाडी किंवा बंदिस्त उपसागर म्हणजे सुरक्षित, असं वाटतं. खाडीचं तोंड पूर्वेला असेल तर उलटच घडतं. शेवाळ आत शिरतं, बाहेर पडायला वाट नाही, तिथेच सडतं. उघडा, लाटांचा किनारा निदान पुढच्या भरतीला थोडा धुतला जातो.

बुकिंगपासून पहाटेपर्यंत: अंदाज कसा वाचायचा

सरगॅसमचा अंदाज पावसाच्या अंदाजासारखा तीन अंतरांवरून वाचावा लागतो.

दोन-तीन महिने आधी युनिव्हर्सिटी ऑफ साउथ फ्लोरिडाचं मासिक पत्रक बघा. मध्य अटलांटिक आणि पूर्व कॅरिबियनमध्ये एकूण किती शेवाळ आहे आणि गेल्या वर्षांच्या तुलनेत ते कुठे बसतं, एवढं त्यातून समजतं. तुमच्या हॉटेलसमोर काय असेल हे त्यातून कळत नाही. विक्रमी वर्षातही एखादा किनारा पंधरा-पंधरा दिवस स्वच्छ राहतो. या टप्प्यावर करायचं काम एकच, रद्द करता येणारं किंवा तारीख बदलता येणारं बुकिंग घेणं. शेवाळ आलं म्हणून पैसे परत, असं प्रवास विम्यात सहसा नसतं. पॉलिसीत ‘नैसर्गिक आपत्ती’ची व्याख्या शब्दन् शब्द वाचा.

आठ-दहा दिवस आधी अमेरिकेच्या नोआ या समुद्र-हवामान संस्थेचा साप्ताहिक धोका-नकाशा बघा. त्यात किनाऱ्याचे तुकडे कमी, मध्यम, जास्त अशा रंगांत दाखवलेले असतात. फ्रेंच बेटांसाठी मेतेओ-फ्रान्स ही हवामान संस्था वेगळं पत्रक काढतं. याही नकाशांची मर्यादा ओळखून असा. उपग्रहाला ढगांखालचं दिसत नाही, आणि किनाऱ्याला अगदी चिकटलेल्या पाण्यात तळ, फेस आणि शेवाळ यांची सरमिसळ होते. म्हणजे ज्या पट्ट्यात आपण पोहणार, तिथेच उपग्रहाची नजर कमी पडते.

शेवटचे तीन दिवस उपग्रह सोडून द्या आणि माणसांवर व कॅमेऱ्यांवर या. किन्ताना रूमध्ये सरगॅसम निरीक्षणाचं जाळं किनारानिहाय रंगीत नकाशा काढतं. बऱ्याच हॉटेलांचे आणि गावांचे थेट कॅमेरे चालू असतात. ते सकाळी सातला बघा, दुपारी नाही. सफाई सकाळी होते, म्हणून सफाईआधीचं चित्रच खरं. त्याच्या जोडीला पुढच्या ४८ तासांचा वारा बघा. वारा पूर्वेचा आणि ताशी २० किलोमीटरच्या वर असेल, तर आज स्वच्छ दिसणारा वाऱ्यासमोरचा किनारा परवा तसाच राहील हे गृहीत धरू नका.

हॉटेलला ‘तुमच्याकडे शेवाळ आहे का’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘थोडंसं, पण आम्ही रोज साफ करतो.’ त्यापेक्षा नेमकं विचारा. समुद्रात तरंगतं कुंपण लावलंय का आणि ते सध्या धड आहे का? सफाई किती वाजता सुरू होते, हाताने की यंत्राने? उचललेलं शेवाळ टाकता कुठे? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. इमारतीमागच्या मोकळ्या जागेत ढीग लावणाऱ्या हॉटेलात किनारा चकाचक आणि खोलीत वास, अशी गत होते. खोली निवडताना ढिगावरून येणारा वारा थेट खिडकीत शिरत नाही ना, तेवढं बघा.

किनाऱ्यावर

ताजं सरगॅसम सोनेरी-तपकिरी असतं आणि त्याला फक्त समुद्राचा वास येतो. ते पायाला खरखरीत लागतं, बाकी फारसं उपद्रवी नाही. किनाऱ्याला लागून साधारण ४८ तास उलटले की ते सडायला लागतं, काळपट होतं, आणि हायड्रोजन सल्फाइड व अमोनिया हे वायू सोडू लागतं. सडक्या अंड्यांचा वास पहिल्या वायूचा. डोळे चुरचुरणं, घसा खवखवणं, डोकेदुखी, मळमळ ही त्याची लक्षणं.

मोकळ्या हवेत, वारा असताना, काही मिनिटं चालत गेल्याने धडधाकट माणसाला फार काही होत नाही. दमा असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी, लहान मुलांनी आणि हृदयरोग्यांनी मात्र कुजलेल्या ढिगापाशी थांबूच नये. ‘आता वास येत नाही, म्हणजे गेला’ या समजुतीत राहू नका. नाक या वायूला सरावतं आणि वास जाणवेनासा होतो, वायू तिथेच असतो. डोकं दुखायला लागलं की वाऱ्याच्या आडव्या दिशेने दूर जा, निवांत बसून पाणी पिऊ असं म्हणू नका. साधा कापडी मास्क वायू अडवत नाही. चांदीचे दागिने घरीच ठेवा, दोन दिवसांत काळे पडतात. हाच वायू वातानुकूलन यंत्रांच्या तांब्याच्या नळ्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे जोड खातो, म्हणून लॅपटॉप आणि कॅमेरा समुद्राकडच्या उघड्या गच्चीत ठेवू नये.

ढिगातून अनवाणी चालू नका. वाहत येताना शेवाळ वाटेतलं सगळं गोळा करतं: बाटल्यांच्या काचा, मासेमारीचे गळ, प्लॅस्टिक, जेलीफिश, पोर्तुगीज मॅन-ओ-वॉरचे निळे फुगे आणि त्यांचे लांबच लांब तंतू. मॅन-ओ-वॉर वाळूवर पडून सुकला तरी डंख मारतो. अंगावर खरवड किंवा उघडी जखम असेल तर शेवाळाच्या पाण्यात उतरू नका. शेवाळावर आणि त्यातल्या प्लॅस्टिकवर व्हिब्रिओ जातीचे जीवाणू आढळले आहेत, आणि जखमेतून ते शरीरात जाऊ शकतात. हे शेवाळ खाऊही नये, त्यात आर्सेनिक साठतं.

पोहून आल्यावर पोहण्याच्या कपड्यांखाली खाजरे लाल फोड उठले, तर दोष शेवाळाचा नसतो, त्यात राहणाऱ्यांचा असतो. जेलीफिशची सूक्ष्म पिल्लं कपड्यात अडकतात आणि दाबली गेली की डंख मारतात. शेवाळाच्या फांद्यांवर हायड्रॉइड नावाचे डंख मारणारे जीवही वस्ती करून असतात. इथे क्रम पाळायचा. आधी कपडे काढायचे, मग गोड्या पाण्याने अंघोळ. अंगावर ओले कपडे तसेच ठेवून शॉवरखाली उभं राहिलं, तर गोड्या पाण्याने न फुटलेल्या डंखपेशीही फुटतात आणि त्रास दुप्पट होतो. चोळू नका. खाज कमी करायला १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन मलम चालतं. ताप, चेहऱ्यावर सूज किंवा श्वासाला त्रास झाला तर डॉक्टर गाठा. कपडे साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा, नुसते पिळून टाकले तर दुसऱ्या दिवशी तेच पुरळ पुन्हा उठतं.

मुलांना शेवाळ उपसून खेळायचं असेल तर हातमोजे घालून आणि ताज्या शेवाळातच. त्यात खेकडे, कोळंबीची पिल्लं, कधी कासवाचं पिल्लूही सापडतं. कासव दिसलं तर ते स्वतः समुद्रात फेकू नका, स्थानिक वन्यजीव कर्मचाऱ्यांना कळवा.

किनाऱ्यालगतचं पाणी चहासारखं तपकिरी दिसत असेल, तर पोहण्याचा आणि स्नॉर्केलिंगचा बेत सोडा. सडणाऱ्या शेवाळातून झिरपलेला हा रस पाण्यातला ऑक्सिजन खातो. उथळ भागातलं समुद्री गवत, मासे, प्रवाळ त्यात मरतात. २०१८ मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्यावर अशा पाण्यात ७८ जातींचे जीव मेलेले आढळले. बघण्यासारखं तिथे काही उरलेलं नसतं.

डायव्हच्या आधी

पहिला निर्णय: किनाऱ्यावरून उतरायचं की बोटीतून? वाऱ्यासमोरच्या किनाऱ्यावर शेवाळ असेल तर किनाऱ्यावरून उतरायचा विचारच नको. तपकिरी पाण्यात हातभर अंतरावरचा बडी, म्हणजे डायव्हचा जोडीदार, दिसत नाही, आणि वाटेत तरंगतं कुंपण असेल तर त्याखाली लोंबणारं जाळं, नांगराचे दोर या गोष्टी टाकीच्या व्हॉल्व्हला अडकायला टपलेल्याच असतात. कुंपणाखालून जाऊ नका, बोटींसाठी ठेवलेल्या खिंडीतून पोहतही जाऊ नका.

बोट निवडताना कप्तानाला इंजिनाबद्दल विचारायला लाजू नका. शेवाळ पाणी ओढण्याच्या जाळीत अडकतं, इंजिन थंड ठेवणारं पाणी बंद होतं आणि ते तापतं. बाहेरच्या इंजिनातून मागे जी पाण्याची बारीक धार पडत असते, ती क्षीण झाली किंवा थांबली की इंजिन ताबडतोब बंद करावं लागतं. जाणता कप्तान दाट पट्टा दिसला की वळसा घालतो, पंख्यात शेवाळ गुंतलं तर क्षणभर उलटा गिअर टाकून ते झाडतो, आणि जाळी साफ करायचं सामान हाताशी ठेवतो. बोटीवर दुसरं इंजिन किंवा चालू रेडिओ असायला हवा. दोन्ही नसेल तर या हंगामात त्या बोटीत बसू नये.

आता हवेचा हिशेब. नेहमी ५० बार (टाकीतल्या हवेचा दाब) शिल्लक ठेवून पृष्ठभागावर येणं पुरतं, कारण वर आल्यावर आपण मोकळी हवा घेतो. शेवाळाच्या थरात तसं करता येत नाही. तोंडात रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडाला देणारं उपकरण, ठेवूनच बोटीची वाट बघावी लागते. १२ लिटरची टाकी धरा. धडपड करणारा माणूस मिनिटाला ३० लिटर हवा ओढतो. दहा मिनिटं थांबावं लागलं तर ३०० लिटर, म्हणजे २५ बार. सेफ्टी स्टॉपवर, म्हणजे वर येण्याआधी ५ मीटरवर तीन मिनिटं थांबतात तिथे, मोकळी जागा शोधण्यात पाच मिनिटं जास्त गेली, तर शांत श्वासाच्या मिनिटाला २० लिटरने १.५ (त्या खोलीवरचा दाब) गुणिले २० गुणिले ५, म्हणजे १५० लिटर, आणखी साडेबारा बार. ५० मध्ये हे आणि नेहमीच्या तीन मिनिटांचे साडेसात बार मिळवा. सेफ्टी स्टॉप सुरू करताना टाकीत निदान ९५ बार असायला हवेत, आणि वर यायला सुरुवात करण्याचा आकडा त्याहून वरचा, सगळ्या गटाने आधी ठरवलेला.

सोबत हवं ते सामान: कमीत कमी १.५ मीटर उंचीचा, भडक रंगाचा पृष्ठभागावर सोडायचा फुगा, म्हणजे एसएमबी. सव्वा मीटरचा छोटा फुगा पुंजक्यांत हरवतो. रीळ, शिट्टी, लहान आरसा, दिवसा डायव्ह असली तरी टॉर्च (दाट थराखाली संध्याकाळ झाल्यासारखं अंधारतं), आणि दोर कापायची धारदार कात्री. ऑक्टोपस (जादा रेग्युलेटर), प्रेशर गेज, कॅमेरा, काहीही लोंबकळत ठेवू नका. लोंबणाऱ्या प्रत्येक वस्तूला शेवाळ हमखास गुंततं. स्नॉर्केल मास्कला लावून न जाता खिशात घडी करून ठेवावा.

उतरणं

कप्तान वाऱ्याच्या दिशेने मोकळा तुकडा शोधतो, पंख्याच्या लोटाने तो आणखी रुंद करतो, मग इंजिन न्यूट्रलला घेतो. पंखा थांबल्याची खूण मिळाल्याशिवाय उडी नाही. उडी मारताना एका हाताने मास्क आणि रेग्युलेटर, दुसऱ्या हाताने पट्टा व गेज घट्ट धरा. पाण्यात पडल्यावर पृष्ठभागावर गप्पा मारत जमायचं नाही, मोकळा तुकडा दोन-तीन मिनिटांत बुजतो. ठीक असल्याची खूण करून बोटीखालच्या दोराने उतरा आणि ५ मीटरवर जमा. तिथे बडीच्या टाकीचा व्हॉल्व्ह, रेग्युलेटर आणि इन्फ्लेटर (बीसीडीत हवा भरायची नळी) यांवर शेवाळ गुंतलंय का, हे एकमेकांनी बघा. बीसीडी (हवा भरून तरंगायचं जाकीट) रिकामी ठेवून थेट खाली जाण्याची पद्धत शिकलेल्यांनीच वापरावी.

श्वास घेताना पाण्याचे थेंब तोंडात यायला लागले, तर बहुधा शेवाळाची काडी रेग्युलेटरच्या श्वास सोडायच्या रबरी झडपेत अडकलेली असते. ऑक्टोपस तोंडात घ्या, मुख्य रेग्युलेटर पाण्यात जोरात हलवा, पर्जचं, म्हणजे हवेचा झोत सोडायचं, बटण दोनदा दाबा. काडी सहसा निघते. निघाली नाही तर डायव्ह तिथेच संपवायची.

तळाशी काही वेगळं करायचं नसतं. वर जाताना मात्र थराखालचा भाग नजरेतून सुटू देऊ नका. त्या सावलीत ट्रिगरफिशची पिल्लं, माही-माही, आणि नशीब असेल तर हुबेहूब शेवाळासारखा दिसणारा सरगॅसमफिश असतो. तो चालतो हातांनी, पोहण्याचा त्याला कंटाळा.

वर येणं

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून क्रमाने बघू.

साधारण १० मीटरवर थांबून वर पाहा. थर म्हणजे काळा डाग, मोकळी जागा म्हणजे उजेडाची खिडकी. खिडकीच्या दिशेने तिरपं पोहत ५ मीटरवर या, तीन मिनिटं थांबा. थर सरकतोय, तुम्हीही सरकताय, म्हणून खिडकीवर नजर ठेवा.

एसएमबी खिडकीतूनच सोडा. थराखाली सोडला तर तो आडवा होऊन तिथेच अडकतो आणि बोटीला दिसत नाही. खिडकी नसेल तर फुगा पूर्ण भरून जरा खोलवरून, ८-१० मीटरवरून सोडावा. वेग जास्त मिळतो आणि तो थर फोडून उभा राहण्याची शक्यता वाढते. रीळ हातात धरा, बीसीडीला कधीही अडकवू नका. दोर शेवाळात गुंतला आणि बोटीच्या पंख्यात आला, तर रीळ सोडून देता आलं पाहिजे. दोर ताणलेला ठेवा, फुगा उभा राहतो.

खिडकी सापडलीच नाही तर बुडबुड्यांनी ती करायची. पृष्ठभागापासून दोनेक मीटर खाली थांबा, ऑक्टोपस डोक्यावर धरा, पर्ज दोन-तीन सेकंद दाबा. वर जाणारी हवा थर बाजूला सारते. लगेच ऑक्टोपसचं तोंड खाली वळवा, नाहीतर हवा आपणहून वाहत राहते आणि काही सेकंदांत दहा-पंधरा बार फुकट जातात. भोक पडलं की एक हात डोक्याच्या वर धरून हळू वर या. बोटीच्या इंजिनाचा आवाज जवळून येत असेल तर थांबा, खाली राहा.

डोकं बाहेर आल्यावर बीसीडी फुगवा. मास्क आणि रेग्युलेटर काढू नका. तपकिरी पुंजक्यांत काळी डोकी दहा-पंधरा मीटरवरूनही दिसत नाहीत, म्हणून फुगा उंच धरा, शिट्टी वाजवा, गट एकत्र ठेवा. थरातून पोहायची वेळ आली तर पाठीवर पडून फिन्स मारू नका, त्या शेवाळात गुंडाळल्या जातात. पोटावर राहून दोन्ही हातांनी थर दाबत मागे सारायचा आणि त्यावरून सरकायचं. दहा मीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर हवा तपासून परत २-३ मीटर खाली जा आणि होकायंत्राने थराखालून बोटीकडे या. बोटीवरचा माणूस मोकळ्या पाण्यात दोर फेकू शकतो, तोच मार्ग सगळ्यात सोपा. शिडी धरण्याआधी फिन्सवरचं शेवाळ झाडा, नाहीतर पहिल्याच पायरीवर पाय सटकतो.

किनारा वाया गेला तर

युकातानमध्ये असाल तर सेनोते आहेत. चुनखडी खचून तयार झालेले हे गोड्या पाण्याचे नैसर्गिक खड्डे जमिनीच्या आत असल्याने शेवाळ तिथे येत नाही. तुलुमजवळचा दोस ओहोस त्यातला नावाजलेला. गुहेत उजेड पोहोचतो तिथपर्यंतच जायचं असलं तरी गुहा-प्रशिक्षित मार्गदर्शक हवा. तिथे डोक्यावर मोकळा पृष्ठभाग नसून छत असतं, त्यामुळे आधी मांडलेला हवेचा हिशेब तिथे चालत नाही. गोड्या पाण्यात वजनं कमी लागतात, साधारण दोन किलो काढून बघा. पाण्यात उतरण्याआधी सनस्क्रीन धुऊन टाकणं बऱ्याच सेनोतेंवर सक्तीचं आहे. जून ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत इस्ला मुहेरेस आणि ओल्बोशच्या उत्तरेला, खोल समुद्रात, व्हेल शार्क जमतात. ते बघायला दूरवर बोटीने जावं लागतं, आणि किनाऱ्यावरच्या शेवाळाचा त्याच्याशी संबंध नाही.

परतल्यावर सामान

डायव्ह केंद्राच्या सार्वजनिक हौदात सामान बुडवण्याआधी नळाखाली शेवाळ काढून टाका. हौदात पडलेल्या काड्यांतले हायड्रॉइड दुसऱ्याच्या हातालाही डंख मारतात. पहिल्या टप्प्याचं (रेग्युलेटरच्या टाकीला जोडायच्या भागाचं) धूळझाकण घट्ट बसलंय हे बघून रेग्युलेटर गोड्या पाण्यात अर्धा तास ठेवा. टाकी जोडलेली नसताना पर्जचं बटण दाबू नका, पाणी नळीत शिरतं. बीसीडीत अर्धा लिटर गोडं पाणी भरून हलवा आणि हवा सोडायच्या डम्प व्हॉल्व्हमधून काढा, दोनदा. व्हॉल्व्हच्या गाळणीत अडकलेली एक बारीक काडी पुढच्या डायव्हला हवा गळायला पुरेशी असते. बूट आणि हातमोजे उलटे करून वाळवा. शिवणीत राहिलेले तुकडे बंद पिशवीत दोन दिवस राहिले, तर तो वास साबणाला दाद देत नाही.